लाइट गेली, मेलबर्न गेलं

१२ ऑक्टोबर २०२०, लक्षात राहील. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची लाइट गुल. ग्रिड फेल म्हणे. आमच्या नौपाड्यातल्या घरात बोंब वेगळीच: लेकीचं ऑनलाइन प्रेझेंटेशन! मेलबर्नला तेव्हा दुपारचे साडेतीन. कोरोनामुळे २० मार्चपासून ऑस्ट्रेलियाची दारं बंद होती, म्हणून युनिव्हर्सिटी तेव्हा आमच्या डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. (फी मात्र डॉलरातच.) वायफाय गेलं, हॉटस्पॉट रडतखडत. शेवटी बाईसाहेब गॅलरीत तुळशीपाशी उभ्या राहून फोनवरूनच बोलल्या, तिथे रेंजच्या दोन दांड्या येतात. मध्येच खालून आरोळी, "मेथीऽऽ, कोथिंबीऽऽर!" सर हसले, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ म्हणाले. लाइट आली तेव्हा ती लॅपटॉपवर डोकं टेकून झोपली होती.