चिकटपट्टी, बटाटे आणि निंदा

२००३ साली मी पुण्यातल्या एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायच्या आणि पानावर उरलेल्या जागेत 'जगावेगळे' नावाची चौकट भरायची, ही दोन कामे. त्या वर्षीच्या डायरीतली काही पाने इथे उतरवतोय. पहाटे दोन-तीनला घरी येऊन लिहिलेली आहेत, म्हणून तारीख जरा मागेपुढे. शुद्धलेखन आता सुधारले आहे, मते तशीच ठेवली आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

इराककडे संहारक अस्त्रे आहेत हे पटवायला आज अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेलसाहेब सुरक्षा परिषदेत बोलले. आपल्याकडे रात्रीचे नऊ. हातात बोटभर कुपी धरून, एवढ्याशा पुडीत किती अँथ्रॅक्स मावतो ते सांगत होते. आमच्या ऑपरेटरने टीव्हीकडे बघून विचारले, "अत्तर आहे का?"

खरी बातमी दाराबाहेरची. तिथे भिंतीवर पिकासोच्या 'गेर्निका'ची विणलेली प्रत असते. १९३७ साली स्पेनमधल्या एका गावावर विमानांनी बाँब टाकले, त्याचे ते चित्र. मोडकी माणसे, किंचाळणारा घोडा, मेलेले मूल मांडीवर घेतलेली बाई. त्यावर निळा पडदा टाकला. कॅमेऱ्यांना मागे साधी पार्श्वभूमी बरी पडते, असे कारण दिले आहे. पटले मला. पाहुणे यायचे असले की ओल आलेल्या भिंतीवर आम्हीही कॅलेंडर लावतो.

चौकटीत घेतली. जागा करायला माणदेशातल्या टँकरची बातमी उद्यावर ढकलली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन चिकटपट्ट्या एकाच टेबलावर आल्या.

पहिली अमेरिकेतली. विषारी वायूचा हल्ला झालाच तर घरात असावे म्हणून सरकारने सांगितले: तीन दिवसांचे अन्नपाणी, प्लास्टिकचा कागद आणि डक्ट टेप. खिडक्या-दारे चिकटवून आत बसायचे. दुकानांतून टेप संपली म्हणे. जगातले सर्वांत बलाढ्य सैन्य असलेल्या देशाचा नागरिक रांगेत उभा राहून पुठ्ठ्याची खोकी बांधायची पट्टी विकत घेतोय. आत बसल्यावर श्वास कुठून घ्यायचा, हे मात्र बातमीत शेवटपर्यंत आले नाही.

दुसरी परवाची, हरारेची, आणि ती आमच्याकडे क्रीडा पानावर गेली. विश्वचषकातल्या झिंबाब्वे-नामिबिया सामन्यात अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळी पट्टी लावून खेळले. आमच्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक करतोय, असे निवेदन आधीच वाटून ठेवले होते. एक गोरा, एक काळा, एकूण मोर्चेकरी दोन. राष्ट्राध्यक्ष मुगाबेंच्या राजधानीत, मुगाबेंच्या पोलिसांसमोर. घरी परत जायला तोच रस्ता.

मी म्हटले, ही पहिल्या पानाची बातमी आहे. मुख्य उपसंपादक म्हणाले, "धावा किती काढल्या त्यांनी?"

१६ फेब्रुवारी, रविवार

इराकवरच्या युद्धाला विरोध करायला काल सगळे जग रस्त्यावर. सहाशेच्या आसपास शहरे. लंडनमध्ये पोलीस म्हणतात साडेसात लाख, आयोजक म्हणतात वीस लाखांपर्यंत. रोममध्ये आयोजकांचे तीस लाख. बरे वाटले. मला वाटायचे की सभेचे दोन आकडे फक्त शिवाजी पार्कवरच असतात.

सगळ्यांत आवडला अंटार्क्टिकाचा मोर्चा. मॅकमर्डो केंद्रावरचे पन्नासेक जण बर्फात उभे राहिले. बघायला कोणी नाही, अडवायला वाहतूक नाही. पोलिसांचा आकडा अर्थातच उपलब्ध नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एवढ्या मोर्चांवर बुशसाहेबांचे उत्तर आले. मोर्चाचा आकार बघून धोरण ठरवायचे म्हणजे फोकस ग्रुपवरून धोरण ठरवल्यासारखे होईल, म्हणाले. 'फोकस ग्रुप'ला मराठी काय करावे यात माझा अर्धा तास गेला. साबण बाजारात आणण्याआधी कंपनी दहा-बारा माणसांना चहा पाजून विचारते ना, "वास कसा वाटतो?", तो तो. शेवटी 'मूठभरांचे मत' लिहिले. मग वाचून पाहिले. लंडन, रोम, माद्रिद, सगळी मिळून मूठभर. मूठ मोठी असणार.

२ मार्च, रविवार

काल सचिनने पाकिस्तानला धुतले, ७५ चेंडूंत ९८. तुर्की संसदेने अमेरिकन फौजेला वाट द्यायला नकार दिला तोही कालच. पहिले पान कोणाला मिळाले ते लिहीत बसत नाही.

कुवेतमध्ये अमेरिकन मरीन सैनिकांनी विषारी वायू ओळखायला कोंबड्या आणल्या आहेत. कोंबडी पडली की मुखवटा चढवायचा. तिचे अधिकृत नाव 'पोल्ट्री केमिकल कन्फर्मेशन डिव्हाइस'. मी शासकीय परिभाषेत 'कुक्कुटीय रासायनिक पुष्टियंत्र' केले, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःवर खूश झालो. वायूबियू काही आलेला नसताना आठवडाभरात बहुतेक पुष्टियंत्रे मेली. आता कबुतरे आणणार आहेत.

मानवी ढाल म्हणून लंडनहून दुमजली बसने बगदादला गेलेल्यांपैकी काही जण परतायला लागले. इराक्यांनी त्यांना वीजकेंद्रांजवळ जाऊन राहा म्हटले. ह्यांना शाळा-इस्पितळांजवळ राहायचे होते. हसू आले, आणि मग आपले आपल्यालाच वाटले की, बाबा, तू तर स्वारगेटच्या पुढे गेला नाहीस.

१२ मार्च, बुधवार

फ्रान्स युद्धाला तयार नाही, म्हणून अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहांत आता 'फ्रेंच फ्राइज' मिळणार नाहीत. 'फ्रीडम फ्राइज' मिळतील. फ्रेंच टोस्टही स्वतंत्र झाला. फ्रेंच वकिलातीने शांतपणे कळवले की हा पदार्थ मुळात बेल्जियमचा.

१९६२ साली आमच्या आजीने चिनी मातीच्या बरण्या फोडल्या नाहीत. सैन्य मागे हटत होते आणि आतले लोणचे मुरत होते.

१३ मार्च, गुरुवार

मुलुंडला लोकलमध्ये स्फोट. कामावरून घरी निघालेली माणसे.

आज चौकट नाही.

१८ मार्च, मंगळवार, धुळवड

आमच्या छापखान्याला सुटी, उद्या अंक नाही, आणि नेमकी आज सकाळी साडेसहाला बुशसाहेबांनी सद्दामला मुलांसकट देश सोडायला ४८ तासांची मुदत दिली. काल रात्री होळीपुढे सगळ्यांनी मिळून बोंबा मारल्या होत्या. परिणाम शून्य. फोकस ग्रुप.

२० मार्च, गुरुवार

रात्री दीडला पान सोडले. आठ कॉलमी मथळा: 'मुदत आज संपणार'. मुदत संपली आपल्या सकाळी साडेसहाला, पहिले बाँब पडले आठच्या सुमारास. म्हणजे लोक चहासोबत आमचा अंक वाचत होते आणि समोर टीव्हीवर युद्ध सुरू झाले होते. शेजारच्या आजोबांनी जिन्यात गाठून विचारले, "काय हो, संपणार म्हणता, आणि इकडे सुरू झालंय."

२१ मार्च, शुक्रवार

रात्री साडेअकराला बगदादवर ते सुरू झाले. 'शॉक अँड ऑ'. कचेरीत सगळे टीव्हीपुढे उभे. नारिंगी उजेड, काळा धूर, आणि मागून निवेदकाचा आवाज, दिवाळीतल्या आतषबाजीचे धावते वर्णन केल्यासारखा. मला मराठी हवे होते. 'धक्का आणि दरारा'? 'दणका आणि थरकाप'? मी मोठ्याने पर्याय म्हणून बघत होतो. डीटीपीवरच्या बाई म्हणाल्या, "अहो, खाली माणसं राहतात ना तिथं?"

'बगदादवर तुफान बाँबफेक' लिहिले. साधे आहे, पण खोटे नाही.

दुसरा शब्द त्याहून अवघड निघाला. 'कोअॅलिशन ऑफ द विलिंग', म्हणजे या युद्धात अमेरिकेच्या बाजूने उभे राहिलेले देश. 'इच्छुकांची आघाडी' केले तर महापालिकेच्या तिकिटाला रांग लावल्यासारखे वाटते. अर्थात तसे चुकीचेही नाही. पॉवेल म्हणाले, तीस देशांची नावे जाहीर आहेत, आणखी पंधरा आहेत पण त्यांना नाव सांगायचे नाही. आमच्या मंडळाच्या वर्गणीतही असे लोक असतात, पावतीवर 'गुप्तदान' लिहितो आम्ही. त्यानंतर उघड झालेल्या नावांत आइसलँड आहे, पलाऊ आहे. दोघांकडेही सैन्य नाही. इच्छा मात्र आहे.

२३ मार्च, रविवार

लिहवत नाही. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. पाँटिंग नाबाद १४०. सचिन पहिल्याच षटकात ४ वर गेला. १२५ धावांनी हरलो.

रिमोट कोणाकडे यावरून क्रीडा विभाग आणि आमच्यात शब्दाला शब्द झाला. नासिरियात अमेरिकन सैनिक पकडले गेले, त्यांना इराकी टीव्हीवर दाखवले. ती बातमी मी जाहिरातींच्या वेळात, चॅनेल बदलून बदलून घेतली. इस्त्रीवाला, कँटीनचा पोऱ्या, संपादक, सगळ्यांचे तोंड एकसारखे. बगदाद पडले असते तरी आज दोन कॉलममध्ये पडले असते.

२७ मार्च, गुरुवार

तीन दिवस कचेरीत एकच फोन. पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती, ती सापडली, आणि फायनल पुन्हा होणार आहे, हे खरे का? सातारा, बारामती, कोथरूड. एका गृहस्थांनी तर तारीखही सांगितली. मी म्हटले, तुम्हाला कोणी सांगितले? "सगळेच म्हणतायत, साहेब."

बरोबर आहे. इराककडे संहारक अस्त्रे आहेत हेही सगळेच म्हणतायत. त्यांच्यासाठी निदान संयुक्त राष्ट्रांचे अस्त्रतपासनीस ब्लिक्ससाहेब तरी हिंडले होते. ते आता रिकामेच आहेत, बॅट बघायला पाठवावे.

उम्म कस्र बंदरात पाणसुरुंग शोधायला डॉल्फिन उतरवलेत. कोंबड्या, कबुतरे, डॉल्फिन. इच्छुकांच्या आघाडीत यांना मात्र धरलेले नाही.

२ एप्रिल, बुधवार, पाडवा

गुढी उभारताना आईने विचारले, "ते बसरा बसरा चाललंय, म्हणजे आपल्या नथीतल्या मोत्यांचं बसराच ना?" हो म्हटले. बसऱ्याचे मोती तिला सासूकडून आले. बसऱ्यात लोकांना प्यायला पाणी नाही ही बातमी मीच कालपरवा केली होती, चार ओळींची. ती मोत्यांवर बोट फिरवत म्हणाली, "समुद्राकाठचं गाव असेल असं वाटायचं मला."

सणाला नथ घालते ती. आज घातली नाही. विसरली असेल.

८ एप्रिल, मंगळवार

आज मराठी माणसाने लोकसभेला दंडवत घालावा असा दिवस.

इराकवर ठराव करायचा होता. विरोधकांना 'कंडेम' हवे होते, सरकारला एवढे कडक नको, 'डिप्लोअर' पुरे. बरेच दिवस घोळ. शेवटी तोड निघाली: ठराव हिंदीत करायचा आणि शब्द घालायचा 'निंदा'. विरोधकांनी त्याचा अर्थ 'कंडेम' घ्यावा, सरकारने इंग्रजीत 'डिप्लोअर' म्हणावे. एकमताने मंजूर.

आता मी काय करू? 'निषेध' लिहिले तर सरकारपेक्षा पुढे गेलो. 'खेद' लिहिला तर विरोधकांच्या मागे राहिलो. 'निंदा'च ठेवावी, तर मराठीत निंदा म्हणजे माणूस उठून गेल्यावर ओट्यावर बसून करतात ती. मग लक्षात आले की भारत सरकारला नेमके तेच करायचे आहे. 'निंदा' ठेवली.

त्याच वेळी दुसरी बातमी आली. बगदादच्या पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकन रणगाड्याचा तोफगोळा. आत पत्रकार उतरलेत हे सगळ्या जगाला ठाऊक होते. दोन कॅमेरामन गेले. त्याआधी सकाळी अल जझीराच्या कचेरीवर, तिथला बातमीदार गेला. रात्रपाळीत कोणी फारसे बोलले नाही. मथळ्याला शब्द लगेच सुचला.

९ एप्रिल, बुधवार

इराकचे माहितीमंत्री सह्हाफ परवापर्यंत सांगत होते की बगदादमध्ये एकही अमेरिकन नाही. मागे रणगाडे. आमच्या कचेरीत त्यांचे चाहते झाले होते. खपाच्या विभागाला असा एक माणूस हवाच आहे.

आज ते दिसले नाहीत. रात्री फिरदोस चौकातला सद्दामचा पुतळा पाडला. आधी एका अमेरिकन सैनिकाने चढून पुतळ्याच्या तोंडावर आपला झेंडा टाकला. मग कोणाला तरी ते बरे दिसत नाही हे सुचले असावे. तो काढून इराकचा झेंडा लावला, मग तोही काढला. फेब्रुवारीत चित्रावर पडदा, एप्रिलमध्ये पुतळ्यावर झेंडा. कापडवाल्याचे बरे चाललेय.

२ मे, शुक्रवार

काल महाराष्ट्र दिन. आज सकाळी साडेसहाला (आमचा अंक वाटून होत आल्यावर, नेहमीप्रमाणे) बुशसाहेब विमानवाहू जहाजावरून बोलले. जहाजावर उतरले होते वैमानिकाच्या पोशाखात, बोलायला मात्र सूट घातला. मागे फलक: 'मिशन अकम्प्लिश्ड'. मुख्य उपसंपादकांना 'युद्ध संपले' हवे. मी म्हटले, ते 'प्रमुख लढाया संपल्या' म्हणालेत. ते म्हणाले, अठ्ठेचाळीस पॉइंटात एवढे बसत नाही. युद्ध संपले.

बऱ्याच दिवसांनी आतल्या पानावर तीन कॉलम मोकळे मिळाले. फेब्रुवारीपासून पडलेली टँकरची बातमी काढली आणि तालुक्याच्या वार्ताहराला फोन लावला. काही बदल? तो हसला. "साहेब, आता तीन महिन्यांची झाली ती. गावं वाढलीत. फाडा, दुसरी पाठवतो." फोन ठेवता ठेवता थांबला. म्हणाला, "टँकरवाला इथं शेजारीच उभा आहे. विचारतोय, लढाई संपली ना, मग डिझेल उतरणार का?"