लिमिटर लिंकच्या पलीकडे नेला

फोंड्याच्या टेबलावर मी एफएम रेडिओच्या आवाजाची साखळी जुळवतोय. गेल्या नोंदीपर्यंत ती अशी होती: मिक्सर, आवाजाची पातळी सांभाळणारा प्रोसेसर, मग स्टुडिओकडून ट्रान्समीटरकडे आवाज नेणारी लिंक, शेवटी डावा-उजवा आवाज एका सिग्नलमध्ये बांधणारा स्टिरिओ जनरेटर. माझ्याकडे लिंक म्हणजे घरच्याच नेटवर्कवर दोन रास्पबेरी पाय (छोटे संगणक) आणि मध्ये 128 केबीपीएसचं एमपी3. लायसन्स नाही, त्यामुळे हवेत काहीच सोडत नाही. पलीकडचा बोर्ड 192 किलोहर्ट्झच्या साउंडकार्डातून एमपीएक्स, म्हणजे हाच बांधलेला स्टिरिओ सिग्नल, काढतो आणि तो मी स्कोपवर बघतो.

चाचणीसाठी चवथीत मामांच्या घरी केलेलं घुमट आरतीचं रेकॉर्डिंग लावलं. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याचं तालवाद्य; त्याच्या थापेइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. लिमिटर म्हणजे आवाजाचं शिखर ठरलेल्या पातळीवर रोखणारा भाग; त्याची मर्यादा उणे 6 डीबी. मिक्सरच्या बाजूला प्रत्येक थापेचं शिखर पट्टी लावून कापल्यासारखं सपाट. लिंकच्या पलीकडे तीच थाप उणे 4 वर! सपाट माथा ठरावीक हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) ठरावीक फेजमध्ये जुळले तरच टिकतो. कोडेक, म्हणजे इथं आवाज आकसणारं एमपी3, त्यातले कानाला न कळणारे तुकडे टाकून देतो आणि शिखर पुन्हा वर येतं. हे 2 डीबी म्हणजे 75 किलोहर्ट्झचं डेव्हिएशन (आवाजानुसार एफएमची वारंवारता जितकी सरकते ते माप) सुमारे 94 वर. ते टाळायला सगळीच पातळी खाली घेतली, तर मेहनतीनं मिळवलेला आवाजाचा भरणा जातो.

म्हणून प्रोसेसरचे दोन भाग केले. मिक्सरजवळ फक्त एजीसी (पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग) आणि चढउतार कमी करणारा संथ कॉम्प्रेसर, लिंकला हेडरूम, म्हणजे वर मोकळी जागा, ठेवून. मल्टिबँड (पट्ट्यांमध्ये वाटून केलेलं कॉम्प्रेशन), प्री-एम्फसिस (वरच्या सुरांची मुद्दाम केलेली वाढ), लिमिटर, क्लिपर (उरलेली शिखरं कापणारा) सगळं पलीकडे, स्टिरिओ जनरेटरला चिकटून. आता थाप मर्यादेवरच थांबते. रात्री दोनदा पूर्ण आरती लावून पाहिली.

एक चूक मात्र तासभर सापडली नाही. आपल्याकडचं 50 मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस 15 किलोहर्ट्झला जवळजवळ 13.7 डीबी उचलतं. ते लिमिटरमध्ये होतं आणि जनरेटरमध्येही चालू राहिलं होतं. आरतीतली कांसाळं (झांजा) कानात सुईसारखी टोचत होती. जनरेटरमधलं बंद केलं. तिथला 15 किलोहर्ट्झचा साधा फिल्टरही काढला, कारण क्लिपरनंतरचा असा फिल्टर शिखरं पुन्हा वाढवतो. ते काम क्लिपरच्या आतच व्हायला हवं.

नेटवरच्या स्ट्रीमला वेगळी फांदी दिली, एजीसीनंतर लगेच. तिथं प्री-एम्फसिस नाही, क्लिपर नाही, फक्त लुक-अहेड, म्हणजे येणारं शिखर आधीच बघणारा, लिमिटर. क्लिप केलेला आवाज कमी बिटरेटच्या कोडेकला दिला की तो खरखरीत होतो.

लिंकवरून एमपीएक्स जसंच्या तसं जात असेल, तर मात्र प्रोसेसरची पूर्ण पेटी स्टुडिओतच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. आपल्या पावसात एका सेटिंगसाठी डोंगरावरच्या ट्रान्समीटरच्या खोलीपर्यंत कोण जाणार?

आता लिंक एमपी3ऐवजी ओपस या दुसऱ्या कोडेकवर टाकून हीच आरती लावतोय.