मनेंद्रगढ: हसदेवच्या काठावरचा थंड समुद्र

शिंपल्यांवरून जुना समुद्र कसा ओळखतात हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर छत्तीसगढमधलं मनेंद्रगढ गाठा. बिलासपूर-कटनी रेल्वेमार्गावर अनूपपूरला उतरायचं, तिथून चिरमिरीच्या फाट्यावर मनेंद्रगढ लागतं. गावाजवळ आमाखेरवा इथे हसिया नाला हसदेव नदीला मिळतो. तिथल्या खडकांत १९५४ साली सागरी जीवाश्म सापडले आणि १९८२ मध्ये जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

खडक सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे, टालचीर काळातले, म्हणजे इथे हिमनद्या होत्या तेव्हाचे. आधी हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा थर नीट पाहून घ्या. लहानमोठे, एकमेकांशी मेळ नसलेले दगड बारीक गाळात रुतलेले दिसतात. मग शिंपल्यांकडे वळा. माझी नजर खिळली ती नखाएवढ्या एका ठशावर. कवच केव्हाच विरघळून गेलेलं, पण पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा अजून स्पष्ट. हा अ‍ॅव्हिक्युलोपेक्टेन.

खरा साक्षीदार मात्र युरीडेस्मा नावाचा शिंपला. चोचीपाशी, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकाशी, कवच इतकं जाड की त्या वजनानेच तो उथळ, खळबळत्या पाण्यात तळाशी टिकून राहायचा. तो पूर्व ऑस्ट्रेलियात, नामिबियात, अर्जेंटिनात, काश्मीरमध्ये आणि पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजमध्येही मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी हिमनदीच्या गाळाच्या आसपासच. आजच्या नकाशावर ही ठिकाणं महासागरांनी तोडलेली आहेत. गोंडवनभूमी, म्हणजे दक्षिणेकडचे खंड आणि भारत एकत्र असलेली प्राचीन भूमी, जोडून पाहिली की ती सगळी एकाच थंड किनाऱ्यांच्या पट्ट्यात येतात. समुद्र मध्य भारतात इतका आत नेमका कुठून शिरला, पश्चिमेकडून की ईशान्येकडून, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. मला तर हाच प्रश्न सगळ्यात ओढ लावणारा वाटतो.

पावसाळ्यात अजिबात जाऊ नका, खडक पाण्याखाली जातात. हिवाळा उत्तम. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात पोहोचा; तिरप्या प्रकाशात ठसे उठून दिसतात, दुपारी तेच खडक सपाट वाटतात. भिंग न्या, आणि फोटोत मोजपट्टी ठेवाच. शेवाळलेल्या दगडांवर घसरायला होतं, पकड असलेले बूट घाला. शिंपल्याची दोन्ही पुटं, म्हणजे कवचाचे दोन्ही भाग, शाबूत असतील तर ती बहुतेकदा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. शिंपल्यासारख्याच दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या ब्रॅकिओपॉडमध्ये तसं नसतं, तिथे प्रत्येक पुट मधोमध सममित असतं. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मी ओळख पटते.

हातोडी मात्र घरीच राहू द्या, आणि सुटा तुकडाही उचलू नका. कुठल्या थरात, कोणाच्या शेजारी तो पडला होता हे पुसलं गेलं की त्या शिंपल्यावरून समुद्राबद्दल फारसं काही सांगता येत नाही.