रामनदीच्या काठाने, खाटपेवाडीपासून मुळेपर्यंत

पुण्याची रामनदी पाहायची तर वरून खाली यावं. पाषाणला पुलावर उभं राहून नुसता वास कळतो, तो कुठून आला हे कळत नाही. म्हणून आम्ही भुकूमजवळच्या खाटपेवाडी तलावापासून निघतो आणि भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत मुळा नदीकडे उतरतो.

दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा पात्रातले दगड उलटून बघावेत. खालच्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटलेले असले तर पाणी जिवंत आहे. चिखलात नुसत्याच लालभडक अळ्या वळवळत असल्या तर प्राणवायू संपत आलाय. अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे त्या तशाही पाण्यात तगतात. २५ अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ४च्या खाली माशांचे हाल सुरू होतात. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा.

जलपर्णीही थंडीतच काढावी. तेव्हा तिची वाढ मंदावलेली असते; उन्हाळ्यात पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. तुटका धुमारा पाण्यात राहिला तर तो पुन्हा फुटतो, म्हणून मुळासकट ओढायची. बहुतेक ठिकाणी ढीग काठावरच सोडतात आणि पहिल्या पावसात तो परत नदीत जातो. पूररेषेच्या बाहेर नेऊन वाळवा. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वजन झपाट्याने उतरतं. पण तिला पोसणारं सांडपाणी थांबलं नाही तर पुढच्या वर्षी तेवढीच उपसावी लागेल.

ते सांडपाणी शोधायला मे महिन्यासारखी वेळ नाही. ओढे आटलेले असतात, त्यामुळे जो नाला तेव्हाही भरून वाहतो त्यात बहुधा मैलापाणीच असतं. जागा, वेळ, फोटो नोंदवून क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. पात्रात जेसीबी मात्र घालू देऊ नका. डोह आणि वाळूगोटे गेले की मासे अंडी घालणार कुठे?

पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही. काठावर वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या अर्ध्या जमिनीत खोचाव्यात, त्यांना सहज मुळं फुटतात. वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ.

भाद्रपदात घरची मूर्ती प्लास्टरची असली तर पाषाण रस्त्यावरच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत वापरा. निर्माल्य आधी काढून घ्या. मूर्ती बुडेल एवढं पाणी, मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट, आणि दर दोन-तीन तासांनी ढवळणं. अमोनियाचा वास येतो, बादली गच्चीवर ठेवा. साधारण ४८ तासांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं. वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं.