तिसरा पंप

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ५०० वर बेतून घडवलेली ती मोटारसायकल कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजसमोर टेम्पोतून उतरली, तेव्हा मालकाच्या हातात नव्या फ्यूल पंपाचे खोके होते आणि खांद्यावरच्या पिशवीत आधी काढलेला एक जुना पंप होता; दुसरा अजून गाडीवरच होता. मूळ गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि चेसिसचा पुढचा भाग एवढेच शिल्लक होते. मागचा सांगाडा कापून आखूड केलेला होता, टाकी पत्र्यापासून हाताने ठोकून बनवलेली होती आणि सगळ्या नळ्यांवर जाड काळे पावडर कोटिंग होते. काम देखणे होते. वेल्डिंग पाहून करणाऱ्याच्या हाताला दाद द्यावी असेच होते. मालक पन्हाळ्याकडचा, घरची ऊसशेती पाहणारा तरुण. "काका, पंप आणलाय, तेवढा बसवून द्या. आधीचे दोन जळाले," एवढेच त्याचे मागणे होते.

तक्रार त्याने नीट सांगितली, आणि निम्मे निदान अशा सांगण्यातच होते. गाडी सकाळी पहिल्या बटणाला सुरू होई, शहरात आणि सपाट रस्त्यावर काही त्रास नसे. कोकणातून परतताना करूळ घाट चढू लागले, की ओढ कमी होत जाई, मूठ पिळून थ्रॉटल उघडला की इंजिन अडखळे आणि शेवटी बंद पडे. पंधरा-वीस मिनिटे सावलीत उभी केली, की पुन्हा काही घडलेच नाही अशी सुरू होई. दोन वेळा पंप बदलून झाला होता. दोन्ही वेळा काही दिवस बरे गेले आणि मग घाटात पुन्हा तेच.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येते, पण या ४९९ सीसीच्या इंजेक्शनच्या इंजिनात ते साधारण ३ बार दाबाने इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या झडपेपर्यंत, पोहोचावे लागते. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठरवतो, आणि ते ठरवताना दाब नेमका आहे असे तो गृहीत धरतो, कारण दाब मोजणारा सेन्सर या गाडीत नसतो. दाब ३ वरून २ बारवर आला, तर तेवढ्याच वेळात जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी घटते. सपाट रस्त्यावर, कमी थ्रॉटलला, सायलेन्सरच्या बेंडमधला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही तूट ईसीयूच्या लक्षात आणून देतो आणि ती भरून निघते. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू त्या सेन्सरकडे पाहतच नाही. शहरात निरोगी आणि घाटात आजारी, या लक्षणाचा अर्थ मला तरी दाबाच्या दिशेनेच लागत होता. तरीही एक गोष्ट पटत नव्हती. हे इंजिन घाटातसुद्धा तासाला काही लिटरच पेट्रोल पिते आणि पंपाची क्षमता त्याच्या कित्येक पट असते. चांगल्या पंपाचा दाब पडावा, तेही दोन वेगवेगळ्या पंपांचा, याचा अर्थ पंपाला जे मिळायला हवे ते मिळत नाही असा होतो. पंपाला दोनच गोष्टी लागतात: एका बाजूने वीज आणि दुसऱ्या बाजूने थंड, वाफ नसलेले पेट्रोल.

म्हणून नवे खोके मी बाजूला ठेवले आणि मल्टिमीटर हातात घेतला. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. पंपाचा कपलर (वायरींचा जोड) सोडवून वायरवर मोजले तर १२.४ आले. यापूर्वी ज्यांनी गाडी पाहिली त्यांनी बहुधा एवढेच मोजले असावे आणि "करंट येतोय, म्हणजे पंप गेला" असा निष्कर्ष काढला असावा. पण कपलर सुटा असताना त्या वायरमधून प्रवाह वाहतच नसतो, आणि प्रवाह नसेल तर एका तंतूवर लटकलेली कुजकी वायरसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते. मोजायचे ते पंप जोडलेला आणि फिरत असताना, कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून. इंजिन चालू केले. बॅटरीवर १३.८ होते आणि पंपावर १०.६. क्लॅम्प मीटरवर प्रवाह साडेपाच अँपिअर. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे पंपाच्या पॉझिटिव्हवर ठेवले: वाटेतच १.७ व्होल्ट खर्च होत होते. निगेटिव्हच्या बाजूला तसेच केले: तिथे आणखी १.५.

मालकाला बोलावून मीटर दाखवला. शेतातल्या मोटारीला व्होल्टेज कमी आले की ती गरम होते आणि पाणी कमी देते, हे त्याने आयुष्यभर पाहिलेले होते. त्यामुळे पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे पंप जळला नव्हता, त्याला उपाशी ठेवलं होतं."

आकडे कुठे गळत आहेत हे शोधायला सीट, टाकी आणि बॅटरीचा डबा उतरवला. पंपाची निगेटिव्ह वायर चेसिसला बोल्टने कसलेली होती, पण तिच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली, म्हणजे लगखाली, पावडर कोटिंग जसेच्या तसे होते. पावडर कोटिंग म्हणजे भाजून पक्के केलेले प्लास्टिकच. वीज जाते ती फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि त्या आट्यांवर गंज चढला होता. लग उचलून पाहिला तर त्याची खालची बाजू काळी-निळी पडली होती, आणि ज्या कोपऱ्यात बोल्टचे डोके टेकत होते तिथेच काय ती चमक उरली होती. पॉझिटिव्ह वायर केसासारख्या बारीक तंतूंची, फार तर अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. ती थेट चावीच्या स्विचमधून आली होती आणि वाटेत दोन ठिकाणी नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली होती. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून वाहिला होता आणि आतले तांबे हिरवे पडले होते.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे सापडली. ईसीयूकडून पंपासाठी येणारी वायर कापून, टोकाला टेप लावून वायरींच्या जुडग्यातच (हार्नेसमध्ये) दडवली होती. मूळ व्यवस्थेत पंप चावीवर चालत नाही, ईसीयूच्या हुकमावर चालतो. चावी फिरवली की तो काही सेकंद दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरू लागले तरच पुन्हा सुरू होतो. आणि गाडी आडवी पडली की सीटखालचा रोल-ओव्हर सेन्सर ईसीयूला सांगतो व इंजिन आणि पंप दोन्ही बंद होतात. इथे पंप सरळ चावीला जोडला असल्यामुळे ही सगळी साखळी तुटली होती. घाटात गाडी घसरून पडली, पेट्रोलची रबरी नळी (होज) निसटली आणि चालवणारा चावीपर्यंत पोहोचू शकला नाही, तर तापलेल्या बेंड पाइपवर ३ बार दाबाने पेट्रोल उडत राहिले असते. गाडी देखणी करण्यासाठी कोणी काय कापावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण ही वायर कापणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य होणार नाही. मी मालकाला स्पष्ट सांगितले, की या वायरिंगवर मी पंप बसवणार नाही. वायरिंग नवे करू देणार असशील तर गाडी आज संध्याकाळी मिळेल. त्याने एकदा त्या कापलेल्या वायरकडे पाहिले आणि म्हणाला, "करा काका, काय लागेल ते करा."

वायरिंगला हात घालण्याआधी पिशवीतला एक आणि गाडीवरून उतरवलेला एक, असे दोन्ही जुने पंप तपासून घेतले. हे काम गॅरेजच्या आत करायचे नसते. मागच्या मोकळ्या आवारात, अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवून, वायरी आधी पंपाला घट्ट जोडल्या आणि स्विच व बॅटरी लांब ठेवली, म्हणजे ठिणगी पडलीच तर ती पेट्रोलच्या वाफेजवळ पडू नये. एक पंप खरोखरच गेला होता. ब्रश झिजून संपले होते. दुसऱ्याला पूर्ण व्होल्टेज मिळताच त्याने दाब मोजणाऱ्या गेजचा काटा, दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या ३ बारवर नेला आणि तिथेच धरून ठेवला. गाडीवरून "जळाला" म्हणून काढलेला तो पंप. त्याच्या जाळीत मात्र तांबूस गंजाची बारीक पूड अडकली होती, आणि ती मी लक्षात ठेवली.

"मग हा नवा परत करू का?" मालकाने विचारले. मी नको म्हटले. जुना पंप कमी व्होल्टेजवर तापत फिरलेला होता. तो रस्त्यात वेळेला उपयोगी पडावा म्हणून घरी ठेवावा आणि गाडीवर नवाच बसवावा.

मूळ गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवते. या निमुळत्या टाकीत तो मावत नसल्यामुळे बाहेर लावायचा पंप घेतला होता, ते ठीकच होते. पण तो बेंड पाइपला लागून, टाकीच्या तळापेक्षा वर बसवला होता आणि त्याच्या तोंडाशी बारीक कागदी फिल्टर लावला होता. असे पंप ढकलायला बळकट आणि ओढायला दुबळे असतात. गरम पेट्रोल बारीक फिल्टरमधून ओढायला लावले, की पंपाच्या तोंडाशीच त्याची वाफ होते, आणि वाफेवर दाब धरत नाही. घाटात इंजिन तापल्यावर गाडी बंद पडत होती आणि सावलीत थांबल्यावर सुरू होत होती, ती यामुळे. कमी व्होल्टेज आणि तापलेले पेट्रोल, दोन्ही दोष एकमेकांना हात देत होते.

नव्या पंपाला डाव्या बाजूला, टाकीच्या तळाखाली आणि बेंडपासून दूर जागा केली आणि तो रबर लावलेल्या पट्टीत धरला. आधी जाड जाळीचा फिल्टर, मग पंप, त्यानंतर बारीक फिल्टर, असा क्रम लावला. आधीचा होज कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा होता आणि दात्यांच्या क्लिपने त्याचे रबर चिरत आणले होते. त्याजागी इंजेक्शनच्या दाबाचा, जे३० आर९ छापलेला होज आणि आतून गुळगुळीत कडेच्या क्लिपा लावल्या. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे होज घेताना तो इथेनॉलला चालतो का हे विचारूनच घ्यावा लागतो. इथेनॉल पाणी ओढून घेते. आतून लेप नसलेल्या कच्च्या पत्र्याच्या टाकीत गंज का धरला होता, त्याचेही एक कारण यात असावे. टाकी रिकामी करून पुन्हा पुन्हा धुतली, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

वायरिंगला जास्त वेळ गेला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज, तिथून दीड चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या, म्हणजे विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचच्या, ३० क्रमांकाच्या टोकाला, आणि ८७ वरून पंपाला. कॉइलच्या ८६ ला चावीनंतरची वीज आणि ८५ ला ईसीयूची ती दडवलेली वायर. पण ही वायर रिलेला निगेटिव्ह देते की पॉझिटिव्ह, हे अंदाजाने ठरवायचे नव्हते. एलईडीच्या टेस्ट लॅम्पचे एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरे त्या वायरला लावून चावी फिरवली. दिवा लागला, तीन सेकंद राहिला आणि विझला. ईसीयूची ती बाजू शाबूत होती आणि तो निगेटिव्हच देत होता.

पंपाची निगेटिव्ह वायर चेसिसला न देता सरळ बॅटरीपर्यंत नेली. इंजिनची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर जिथे चेसिसला लागते तिथले कोटिंग मात्र उघड्या धातूपर्यंत घासून काढले, लग कसला आणि वरून ग्रीस लावले. जोड एकही डाग देऊन (सोल्डर करून) केला नाही, सगळे पक्कडीने दाबून (क्रिम्प करून) वर डिंकाची हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली. एका सिलिंडरच्या या इंजिनाचा थरकाप मोठा असतो. डाग दिलेली वायर कडक होते आणि डागाच्या शेजारीच तुटते. शेवटी पंपाच्या टोकांवरची खूण भिंगातून पाहून घेतली, कारण या गाडीत शोभेसाठी सगळ्या वायरी काळ्या होत्या. असा मोटर-पंप उलटा जोडला तरी तो फिरतो, आवाजही करतो, फक्त दाब देत नाही, आणि मग माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो.

इंजिन सुरू न करता चावी अनेकदा चालू-बंद करून दाब भरू दिला आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. मग इंजिन सुरू केले: बॅटरीवर १३.८, पंपावर १३.४, गेजवर ३ बार. रोल-ओव्हर सेन्सरचे स्क्रू काढून तो हातात धरला आणि इंजिन चालू असताना हळूहळू आडवा केला. क्षणभराने इंजिन थांबले, पंपाचा आवाजही थांबला, आणि चावी बंद करून पुन्हा फिरवल्याशिवाय काही सुरू झाले नाही. मालक हे पाहत शेजारी उभा होता. त्याने मला ते पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले, आणि मी ते आनंदाने केले.

गेज काढून होज पुन्हा पक्का केला आणि त्याला वाघबीळच्या चढावरून पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायला पाठवले, पूर्ण थ्रॉटलने, मुद्दाम न थांबता. परत आला तेव्हा अंधार पडत होता. इंजिन तापलेले असतानाच पुन्हा मोजले: पंपावर १३.३. सगळे आकडे आणि वायरींचा नकाशा एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवला, म्हणजे पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला काळ्या वायरींमधून चाचपडत बसावे लागणार नाही. टाकीतला गंज धुण्याने पूर्ण गेला असेल यावर मी विसंबलो नाही. १,००० किलोमीटर झाले की गाडी परत आण, बारीक फिल्टर कापून आत काय साठले ते पाहू, आणि पूड दिसली तर टाकीला आतून लेप देऊ, असे त्याला सांगितले आहे.