वापरलेला मॅट्रिक्स कळफलक विकत घेताना

वापरलेला यांत्रिक कळफलक घेताना बहुतेक जण आधी कळांखालचे स्विच कोणते आहेत ते विचारतात, आणि साध्या कळफलकापुरता तो प्रश्न योग्यही आहे. परंतु ज्याच्या कळा सरळ आडव्या आणि उभ्या ओळींत बसवलेल्या आहेत, आणि ज्याची प्रत्येक कळ काय करील हे आपल्याला ठरवता येते, असा मॅट्रिक्स कळफलक घ्यायचा असेल, तर पहिला प्रश्न वेगळा हवा: माझ्या आजच्या संगणकावरून त्याचा प्रोग्राम बदलता येतो का? झिजलेला स्विच बदलता येतो, गुळगुळीत झालेले कीकॅप, म्हणजे कळांवरच्या टोप्याही बदलता येतात. प्रोग्राम बदलण्याचा मार्गच बंद झाला असेल, तर मात्र आपल्या हाती पडते ती आधीच्या मालकाने स्वतःच्या सोयीने केलेली आणि आता कायमची झालेली मांडणी.

नेहमीच्या कळफलकावर ओळी तिरप्या सरकलेल्या असतात, त्याचे कारण टाइपरायटरमध्ये आहे. प्रत्येक कळेखालची दांडी दुसरीला न अडता मागे जावी म्हणून ओळी थोड्या सरकवाव्या लागत, आणि १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स-ग्लिडन यंत्रापासूनची ही रचना दांड्या नाहीशा झाल्यावरही टिकून राहिली. दोन कळांमधले अंतर सर्वसाधारणपणे १९.०५ मिलिमीटर असते; अक्षरांची मधली ओळ वरच्या ओळीपेक्षा त्याच्या पाव हिश्शाने, आणि खालची ओळ मधल्या ओळीपेक्षा अर्ध्या हिश्शाने उजवीकडे सरकलेली असते. मॅट्रिक्स मांडणीत हे सरकणे नाही, त्यामुळे बोट सरळ वर आणि सरळ खाली जाते. मला ही मांडणी एवढ्यासाठीच आवडते. तिने टंकलेखनाचा वेग वाढतो असे मी म्हणणार नाही. ‘बी’ची कळ उजव्या हाताने दाबण्याची सवय असणाऱ्यांना तर सुरुवातीला ती चांगलीच छळते, कारण येथे ती निःसंदिग्धपणे डाव्या हाताच्या बाजूला असते.

जुन्या बाजारात असे कळफलक दोन कुळांचे मिळतात. पहिले कूळ दुकानांच्या गल्ल्यावरचे आणि नियंत्रण कक्षांतले. प्रे-कीटेक किंवा स्लोव्हेनियाची टिप्रो यांसारख्या कंपन्यांच्या या कळफलकांवर शंभराहून अधिक कळाही असू शकतात, पारदर्शक झाकणाखाली नावाची कागदी चिठ्ठी सरकवता येते, आणि आत पुष्कळदा चेरी एमएक्स जातीचे दणकट स्विच सापडतात. दुसरे कूळ हौशी लोकांचे: चार ओळी आणि बारा स्तंभांचा प्लँक, पाच ओळींचा प्रिऑनिक आणि त्यांची असंख्य भावंडे.

पहिल्या कुळाचा मोह मोठा असतो, कारण बांधणी खरोखरच उत्तम असते. मात्र त्यांची मांडणी बहुधा निर्मात्याच्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमधूनच बदलता येते, आणि ते सॉफ्टवेअर पुष्कळदा जुन्या विंडोजसाठी लिहिलेले असते. जोडणी पीएस/२ प्रकारची, म्हणजे जुन्या संगणकांच्या गोल प्लगची असेल, तर नुसता आकार बदलणारा स्वस्त अडॅप्टर चालेलच असे नाही. संकेतांचे रूपांतर करणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो, आणि त्यातून टंकलेखन झाले तरी प्रोग्राम भरता येईलच याची खात्री नसते. विक्रेत्याने “आमच्याकडे व्यवस्थित चालत होता” असे सांगितले तर ते खरेच असते; पण त्या वाक्यातून चालण्यापलीकडचे काहीच कळत नाही.

हौशी कुळात हा धोका पुष्कळ कमी आहे, कारण क्यूएमके हे फर्मवेअर, म्हणजे कळफलकाच्या आत चालणारा प्रोग्राम, मुक्त स्रोताचे आहे आणि त्याच्या सामायिक संग्रहात शेकडो कळफलकांची व्याख्या आधीच केलेली आहे. तरीही नुसते “क्यूएमके आहे” हे उत्तर पुरेसे मानू नये. तो नेमका कळफलक, त्याच आवृत्तीसह, त्या संग्रहात आहे का हे पाहावे. नसल्यास मालकाकडून मूळ स्रोताची फाइल मागून घ्यावी. नियंत्रक, म्हणजे आतली मुख्य चिप कोणती, हेही विचारावे. जुन्या कळफलकांत बहुधा एटीमेगा३२यू४ असतो आणि त्याची फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइटच असते. नवे फर्मवेअर भरून घेणाऱ्या बूटलोडरचा भाग वजा केला की उरलेल्या जागेत प्रत्येक नवी सोय मावत नाही. मी जो कळफलक घेतला त्याच्या मालकाला मी एवढेच सांगितले होते की माझ्यासमोर त्याने एक कळ बदलून दाखवावी. ते काम पाच मिनिटांचे असते, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी आणल्यावर मात्र पहिले काम म्हणजे जुनी मांडणी पूर्ण पुसून आपण स्वतः तयार केलेले फर्मवेअर भरणे. संगणक कळफलकावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. त्यातून जे येईल ते आपणच टंकले, असे तो धरून चालतो. माझ्या कळफलकावर एका कळेत आधीच्या मालकाचा पूर्ण ई-मेल पत्ता साठवलेला निघाला. काही जण पासवर्डही असेच साठवतात, त्यामुळे कळफलक विकणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

कळांची तपासणी करताना मॅट्रिक्स या गोष्टीचा आणखी एक उपयोग होतो. आतली विद्युत रचनाही ओळी आणि स्तंभांचीच असते: चार ओळी आणि बारा स्तंभ यांच्या अठ्ठेचाळीस छेदबिंदूंसाठी नियंत्रकाच्या केवळ सोळा पिना लागतात, आणि एकाच वेळी अनेक कळा दाबल्यावर न दाबलेली कळ उमटू नये म्हणून प्रत्येक छेदबिंदूवर प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड असतो. त्यामुळे एकच कळ मृत असेल तर दोष स्विचमध्ये, डायोडमध्ये किंवा तिथल्या सोल्डरमध्ये असतो. अख्खा स्तंभ मृत असेल तर संशय नियंत्रकाच्या पिनेवर किंवा तुटलेल्या मार्गावर जातो, आणि ते काम अवघड ठरू शकते. एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटत असेल तर त्या स्विचचे संपर्क खराब झालेले असतात. संपर्क स्थिर होईपर्यंत थांबण्याचा फर्मवेअरमधला प्रतीक्षाकाळ, जो क्यूएमकेमध्ये मुळात ५ मिलिसेकंद असतो, वाढवून ते काही काळ झाकता येते, पण मग विक्रेत्यानेही तेच केलेले असू शकते. स्विच काढता-घालता येणारे सॉकेट असतील तर बदल सोपा, मात्र फार वेळा काढघाल झालेल्या फळीवर सॉकेट सैल झालेले किंवा उखडलेले आढळतात.

कीकॅपबद्दल एवढेच की, नेहमीच्या संचातले रुंद शिफ्ट आणि एंटर येथे बहुधा बसत नाहीत. सर्व ओळींना एकच उंची असलेला डीएसए किंवा एक्सडीए घाटाचा संच घेतल्यास कोणतीही टोपी कोठेही लावता येते.

मराठीत लिहिणाऱ्याने बारा स्तंभांचा कळफलक घेण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून पाहावी. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीत ‘पी’च्या उजवीकडच्या कंसांच्या कळांवर ड, ढ आणि ञ आहेत, त्यांच्या शेजारी ॉ आहे, आणि बरोबरच्या चिन्हावर ृ आहे, या कळा छोट्या कळफलकाच्या पहिल्या थरात, म्हणजे दुसरी कळ न धरता मिळणाऱ्या मांडणीत, नसतातच. परिणामी ‘डॉक्टर’ या शब्दाची पहिली दोन चिन्हे लिहिण्यासाठीच दुसऱ्या थरात जावे लागते. मी मराठीसाठी स्वतंत्र थर केला असून त्यात बॅकस्पेस अंगठ्याखाली नेऊन त्याच्या जागी ड बसवला आहे. कळफलक अक्षर पाठवत नाही, केवळ कळेचा संकेत पाठवतो, आणि अक्षर कार्यप्रणाली ठरवते. म्हणून थर आणि संगणकाची भाषा एकदमच बदलायला हव्यात. दोन्ही एकाच कळेने आलटून पालटून बदलत ठेवले, तर माउसने भाषा बदलताच त्यांची फारकत होते. त्याऐवजी मराठीसाठी एक आणि इंग्रजीसाठी एक अशा दोन वेगळ्या कळा ठेवून, प्रत्येकीने ठरावीक भाषेचाच शॉर्टकट पाठवावा अशी व्यवस्था केली, की आधी काय निवडलेले होते याने काही फरक पडत नाही.