आधी वर्गाला विचारा

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असा सुवर्णमहोत्सव समितीचा निरोप आला. संमेलनं, ठाण्याच्या तलावपाळीवरची प्रभातफेरी, मधल्या सुट्टीतला वडापाव हे सगळं इतर जण लिहितीलच. मला लिहायचंय ते नागरिकशास्त्राच्या बाईंबद्दल. नाव घालत नाही. आपल्या शाळेत एवढं म्हटलं की पुरे.

इतिहासाच्या शेपटाला बांधलेला हा विषय. बाकीकडे परीक्षा तोंडावर आली की प्रश्नोत्तरं उतरवून द्यायची आणि मोकळं व्हायचं, अशी रीत. बाई मात्र जूनपासून शिकवायच्या, आणि पुस्तकापेक्षा वर्तमानपत्रातून जास्त. जाड चष्म्याच्या मुलीला कायमचा पहिला बाक दिला म्हणून कुणी कुरकुरलं, तर तिथल्या तिथे राज्यघटनेतलं समतेचं कलम १४ आणि १५ निघायचं. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं ही समता नव्हे, हे आम्ही त्या बाकावरून शिकलो.

१९९४ चा मार्च, नववी ब. मॉनिटर मी होतो. जूनमध्ये वर्गाने हात वर करून निवडलेला. एका ऑफ तासाला गोंगाट झाला, शेजारच्या वर्गावरचे सर तणतणत आले, माझ्या खिशावरचा बिल्ला काढला आणि दुसऱ्याला लावला. "वर्ग याचं ऐकत नाही," एवढंच कारण.

पुढचा तास बाईंचा. बिल्ला दुसऱ्याच्या खिशावर दिसला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावर वर्तमानपत्र उघडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने ११ मार्चला बोम्मई खटल्याचा निकाल दिला होता. कर्नाटकातलं बोम्मईंचं सरकार एप्रिल १९८९ मध्ये कलम ३५६ खाली, म्हणजे राष्ट्रपती राजवट लावून, बरखास्त झालं होतं. बहुमत गेलं, असा राज्यपालांनी अहवाल दिला होता. विधानसभेत ते सिद्ध करू द्या, असं मुख्यमंत्री म्हणत राहिले, पण ती संधी मिळाली नाही.

"राज्यपालांना वाटलं. वाटलं! मोजलं का कुणी?" बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "बहुमत सभागृहात मोजायचं, राजभवनात नाही. आता सांगा, वर्ग याचं ऐकत नाही हे कुणी मोजलं?"

बिल्ला त्यांनी त्या मुलाकडून घेऊन मला परत दिला. मग सगळ्यांना डोकी बाकावर टेकायला, डोळे मिटायला आणि हात वर करायला लावलं. मी सपशेल हरलो! आता बिल्ला मलाच त्याच्या खिशाला लावायचा होता. पिन वाकलेली, टेरिकॉटच्या शर्टात काही केल्या शिरेना. "आता गेलास तो वर्गामुळे गेलास," बाई म्हणाल्या, "सरांमुळे नाही. भांडायचं तर यांच्याशी भांड." मी भांडलोही, पण ते जाऊ द्या. खुद्द बोम्मईंना त्या निकालाने खुर्ची परत मिळाली नाही. पण त्यानंतर एखादं सरकार बरखास्त करणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. बाईंनी हे तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

दहावीत त्यांनी आम्हाला चालत मुलुंड चेकनाक्यावर नेलं. जकातीसाठी ट्रकची ही रांग, धूर, हातात पावत्या नाचवणारे क्लीनर. "हा कर कुणाचा? दिल्लीचा, राज्याचा की मुंबईचा?" आमची तोंडं बघून त्यांनीच उत्तर दिलं. राज्यघटनेची सातवी अनुसूची, त्यातली राज्याच्या विषयांची राज्यसूची, नोंद ५२. स्थानिक क्षेत्रात वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. हक्क राज्याचा, कायदा करून महापालिकेला दिलेला. परीक्षेत यातलं काही आलं नाही, येणारही नव्हतं.

आज नौपाड्यात माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे, आणि पोट भरतं ते जीएसटीवर. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद ५२ वगळली आणि १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकात संपली. आता दर ठरतात जीएसटी परिषदेत. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला हवं तीन चतुर्थांश. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्रावाचून अडतं, आणि महाराष्ट्राचं मत सिक्कीमच्या मताएवढंच. छोट्या राज्यांच्या बाजूने हे मला रास्त वाटतं. पण ज्या शहरांची जकात गेली, त्यांना त्या टेबलाशी खुर्चीच नाही. ती राज्याकडून येणाऱ्या भरपाईची वाट बघत बसतात. व्यापाऱ्यांचा नाक्यावरचा ताप गेला, हे माझे अशील रोज सांगतात आणि ते खरंच आहे. तरी नवीन अधिसूचना आली की दराआधी माझी नजर जाते ती हा अधिकार कुठल्या कलमाखाली वापरलाय तिकडे. ऑफिसातली पोरं हसतात. हसोत, सवय बाईंची आहे.

शाळेत अलीकडे मॉनिटर टक्केवारी बघून नेमतात, असं माझ्या पुतणीकडून कळलं. हुशार मुलं असतील, प्रश्न तो नाही. सोबत देणगीचा चेक जोडला आहे, त्याला अट कसलीही नाही. विनंती तेवढी आहे, की येत्या जूनपासून मॉनिटर वर्गाला निवडू द्यावा, आणि मध्येच काढायची वेळ आली तर तेही वर्गालाच विचारावं.